भातखाचरातील यंत्राचा सांगाडा आणि नट-बोल्टची निवड

व्हिएतनाममध्ये २०२४ साली झालेल्या ‘एबीयू रोबोकॉन’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेचा विषय भातशेती हा होता. रोपे लावणारे आणि दाणे गोळा करणारे यंत्रमानव विद्यार्थ्यांनी बांधले होते. फेरी अवघी ३ मिनिटांची; तेवढ्यात सांगाड्याचा एक सांधा ढिला झाला तरी डाव हातचा जातो.

तंजावरच्या खाचरात हीच परीक्षा तासन्‌तास चालते. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशातील कुरुवै हंगाम मेट्टूर धरणाच्या पाण्यावर उभा राहतो. ते प्रथेनुसार १२ जूनला सोडले जाते. आडुतुरै येथील भात संशोधन संस्थेचे एडीटी-४३ सारखे सुमारे ११० दिवसांचे वाण ईशान्य मोसमी पावसापूर्वी कापून व्हावे लागते. अशा वेळी कोळपणीचे इंजिनचलित यंत्र एका नटापायी बंद पडले, तर तण त्या दिवसाची वाट पाहत नाही. चिखलात गळालेला नट शोधून सापडतही नाही.

बोल्ट तुटण्यापेक्षा सैल होण्याचे प्रसंग कितीतरी अधिक. बोल्टचे खरे काम दोन भाग घट्ट दाबून धरण्याचे आहे. तो दाब कमी पडला की कंपनामुळे भाग एकमेकांवर आडवे सरकू लागतात आणि नट आपोआप उलटा फिरतो. जर्मन अभियंता युंकर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखविले. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे स्प्रिंग वॉशर पूर्ण आवळल्यावर सपाट होते व साध्या वॉशरइतकेच उपयोगी ठरते. त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

म्हणून सांगाड्यासाठी डोक्यावर ८.८ असा अंक कोरलेला बोल्ट आणि नायलॉनचे कडे असलेला नायलॉक नट घ्यावा. हा नट हाताने सहज फिरू लागला की बदलावा. इंजिनच्या सायलेन्सरजवळ मात्र तो नको; सुमारे १२० अंश सेल्सिअसपुढे नायलॉन टिकत नाही. तेथे पूर्णतः धातूचा लॉकनट वापरावा. ६ मि.मी.च्या बोल्टला २० सें.मी. लांब पान्याच्या टोकाशी सुमारे ५ किलोचा जोर पुरतो, ८ मि.मी.ला साधारण साडेबारा किलोचा. छिद्रही बेताचे हवे: ६ मि.मी.च्या बोल्टला ६.६ मि.मी. पुरेसे. पातळ चौकोनी नळी या जोराने चेपते. तेव्हा आत नळीच्या रुंदीइतका लोखंडी तुकडा बसवून त्यातून बोल्ट न्यावा. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टेनलेस बोल्ट आकर्षक दिसतो, परंतु ओल्या चिखलात बोल्टभोवतीचे ॲल्युमिनियम झिजते.

एका ठिकाणी मात्र बळकट बोल्ट घातक ठरतो. काही यंत्रांच्या शक्तिवाहक दांड्यावर मुद्दाम कमी ताकदीचा शिअर बोल्ट दिलेला असतो. पाते दगडात अडकले की तो तुटतो व गिअरबॉक्स वाचतो. वारंवार तुटतो म्हणून त्या जागी ८.८ चा बोल्ट घातल्यास पुढचा खर्च गिअरबॉक्सचा असतो. विस्तार कार्यकर्त्यांनी यंत्राच्या पुस्तिकेतील त्या बोल्टचा दर्जा शेतकऱ्याच्या वहीत लिहून द्यावा आणि असे चार बोल्ट यंत्रासोबत डब्यात ठेवण्यास सांगावे.

नवे यंत्र पहिले तासभर चालवून थांबवावे आणि सर्व सांधे पुन्हा आवळावेत. आवळल्यावर नट आणि पट्टीवर एकच रंगाची रेघ ओढून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी कोणता नट फिरला ते बांधावरूनच दिसते.