बिल कधी येणार, हे आधीच ओळखा: कागदपत्रं गोळा करण्याचं वेळापत्रक

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बिलं आपोआप कशी ओढून घ्यायची ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न एकच: "सर, सेटिंग तर केलं, पण तारीख कोणती टाकू?" म्हणून हा लेख.

आधी माझी चूक सांगतो. माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. एका वर्षी जुलैमध्ये गणपतीच्या लायटिंगचा माल भरला. एका व्यापाऱ्याचं बिल १,२०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१,६०० रुपये. मी तेव्हा सगळी कागदपत्रं महिन्यातून एकदाच, १८ तारखेला गोळा करायचो. १८ ऑगस्टला बघतो तर हे बिल जीएसटीआर-२बी मध्ये नाहीच! तो व्यापारी तिमाही रिटर्न भरणारा, आणि मधल्या महिन्यांची बिलं त्याने चढवलीच नव्हती. २० तारखेला मला २१,६०० खिशातून भरावे लागले. क्रेडिट मिळालं ते थेट ऑक्टोबरमध्ये. ऐन सीझनला माल भरायचे पैसे अडकले ते अडकलेच.

५ तारखेला कळलं असतं, तर एका फोनचं काम होतं.

तीन प्रकार, तीन तारखा

१. कायद्याने ठरलेले. इथे अंदाज लावायचाच नाही. मासिक जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख. तिमाहीवाल्यांना महिन्याची बिलं आयएफएफमधून चढवायची मुदत १३. २बी तयार होतं १४ ला. मासिक ३बी ची मुदत २०. म्हणजे २बी ओढायची वेळ १४ ची रात्र किंवा १५ ची सकाळ. त्याआधी ओढून उपयोग नाही, १९ ला ओढून हातात वेळ नाही.

२. सवयीने येणारे. लाइट बिल, इंटरनेट बिल, स्वाइप मशीनच्या कमिशनचं बिल. यांची तारीख कुणी लिहून देत नाही, पण त्यांची एक चाल असते. ती मागच्या नोंदींतून सापडते.

३. व्यवहारामागून येणारे. माल घेतला की येणारं बिल. इथे तारीख बघू नका, बँक बघा. खात्यातून पैसे गेले आणि तीन दिवसांत सॉफ्टवेअरमध्ये बिल दिसलं नाही, की मागणी करायची.

चाल कशी काढायची?

माझ्या लाइट बिलाच्या सहा महिन्यांच्या तारखा घ्या: ९, १०, ९, १७, ११, १०. सरासरी येते ११. पण त्या एका १७ ने ती पुढे ओढली. म्हणून सरासरी नको, मधली किंमत घ्या. तारखा चढत्या क्रमाने लावा: ९, ९, १०, १०, ११, १७. मधल्या दोन्ही १०, म्हणजे उत्तर १०. एक्सेलमध्ये 'मीडियन' हा फॉर्म्युला हेच काम करतो.

आता तीन टप्पे लावा:
- मधल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ११ ला पहिला प्रयत्न.
- नाही मिळालं तर तीन दिवसांनी, १४ ला दुसरा.
- आजवरच्या सगळ्यात उशिराच्या तारखेनंतर, म्हणजे १८ ला, मशीनचं काम संपलं. आता माणसाने बघायचं.

मग रोजच का तपासू नये?

हा प्रश्न हमखास येतो. बघा, रोज तपासलं तर महिन्यातले २९ दिवस 'बिल मिळालं नाही' असाच मेसेज येणार. आठवड्याभरात तुम्ही तो वाचणं सोडून द्याल. मग खरंच बिल हरवलं तरी तोच मेसेज, तशीच दुर्लक्षाची सवय. शिवाय बँकेचं आणि पोर्टलचं लॉगिन ओटीपी, कॅप्चा मागतं, म्हणजे त्या कामाला कुणाला तरी बसावंच लागतं.

अंदाजाचा खरा फायदा आलेलं बिल पटकन मिळवण्यात नाही. न आलेलं बिल वेळेवर लक्षात येण्यात आहे. दर बारा दिवसांनी बिल पाठवणारा व्यापारी वीस दिवस गप्प असेल, तर एकतर तुम्ही माल घेतला नाही किंवा बिल कुठेतरी पडलंय.

व्यापाऱ्यांची यादी करा

प्रत्येकाच्या नावापुढे 'मासिक' की 'तिमाही' ते लिहा. जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकलात की रिटर्नची माहिती दिसते. तिमाहीवाल्यांना ५ तारखेला फोन करा: "दादा, आमचं बिल १३ च्या आत चढवा." १ जानेवारी २०२२ पासून समोरच्याने बिल चढवल्याशिवाय आपल्याला क्रेडिट घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

फक्त पाच कागद निवडा. ईमेल आणि व्हॉट्सअॅप उघडून मागच्या सहा वेळच्या तारखा लिहा, मधली तारीख काढा, मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. तीन महिने हाताने चालवा. अंदाज बरोबर येतोय असं दिसलं, की मगच सॉफ्टवेअरच्या हवाली करा. आणि दर सहा महिन्यांनी तारखा पुन्हा तपासा, कारण समोरच्याचा मुनीम बदलला की चालही बदलते!

अडलं तर व्हिडिओखाली विचारा. भेटू पुढच्या भागात.