नाकातून मेंदूकडे : वनस्पतींतील औषधी द्रव्यांचा जवळचा रस्ता



हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याचे नाव कर्क्युमिन. प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर केलेल्या अनेक प्रयोगांत हे द्रव्य सूज कमी करते असे दिसले आहे. म्हणून स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांत त्याचा उपयोग होईल का, याचा शोध सुरू आहे. आपण तर रोजच भाजी-वरणातून हळद खातो. मग आपल्या मेंदूला हे द्रव्य मिळते का? खरे उत्तर असे की जवळजवळ मिळत नाही. का मिळत नाही आणि त्यासाठी शास्त्रज्ञ नाकाकडे का वळले, हा आजच्या पाठाचा विषय आहे. आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांनी तो स्वतः वाचावा. शेवटचा भाग मात्र घरात तान्हे बाळ असलेल्या प्रत्येक पालकाने अवश्य वाचावा.

आधी शब्दांविषयी थोडे. मी स्वतः विज्ञान हिंदी माध्यमातून शिकलो. आपल्या इंदूरच्या मुलांच्या कानावरही दोन्ही भाषांतील शब्द पडतात. हिंदीतील मस्तिष्क म्हणजे मेंदू, कोशिका म्हणजे पेशी, तंत्रिका म्हणजे चेता आणि यकृत दोन्हीकडे यकृतच. एवढे लक्षात ठेवले की पाठ सोपा जाईल.

१. मेंदूचा पहारा

१८८५ साली पॉल एरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. शरीरातील जवळजवळ सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. त्यांना वाटले की मेंदू रंग धरतच नसावा. १९१३ साली त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी उलटा प्रयोग केला. त्यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदू रंग धरतो, पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी अडसर आहे, हे दिसून आले.

हा अडसर म्हणजे मेंदूतील केशवाहिन्यांची भिंत. शरीरात इतरत्र या वाहिन्यांच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. मेंदूत त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. प्राणवायू सहज आत जातो, ग्लुकोजसाठी खास वाहक असतात. अनोळखी पदार्थ मात्र बाहेरच थांबतो. रक्तातील विषांपासून मेंदूचे रक्षण होते ते यामुळेच. परंतु हा पहारेकरी औषधालाही अडवतो.

२. पोटातून जाणारा लांबचा रस्ता

कर्क्युमिनची अडचण तर या पहाऱ्याच्या आधीच सुरू होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. जे थोडे शोषले जाते त्याचे रूप आतडे आणि यकृत झपाट्याने बदलून टाकतात. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. २ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर ते रक्तात अगदी नगण्य सापडले. त्यासोबत मिऱ्यातील पायपरिन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिल्यावर ते सुमारे २० पट अधिक उपलब्ध झाले. पण मुळातच नगण्य असलेल्या वस्तूची २० पट म्हणजेही फार नव्हे, हे गणित विसरू नका.

सर्वच वनस्पतिजन्य द्रव्यांची अशी अवस्था नसते. चहातील कॅफिन पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत सहज पोहोचते. स्नोड्रॉप या फुलझाडात सापडणाऱ्या गॅलँटामिनला २००१ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारासाठी, म्हणजे अल्झायमर आजारासाठी, मान्यता मिळाली. ते तोंडावाटेच घेतात. म्हणून प्रश्न पडतो तो कर्क्युमिनसारख्या, वाटेतच हरवणाऱ्या द्रव्यांचा.

३. नाकाच्या छतावरील खिडकी

सराफ्यातून जाताना गरम जिलबीचा वास येतो, तेव्हा नेमके काय घडते? वासाचे कण नाकाच्या पोकळीत अगदी वर, छतापाशी असलेल्या काही चौरस सेंटिमीटर पडद्यावर पोहोचतात. तेथे वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. या पेशींचे एक टोक नाकातील हवेच्या बाजूला असते. दुसऱ्या टोकाचे बारीक तंतू चाळणीसारख्या छिद्रांच्या एका हाडातून थेट मेंदूच्या घ्राणकंदात शिरतात. बाहेरचे जग आणि मेंदू यांच्यात इतके कमी अंतर शरीरात क्वचितच दुसरीकडे असेल.

नाकात घातलेले औषध पुढे जाण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, या घ्राणचेतेच्या कडेने मेंदूच्या पुढच्या भागाकडे. दुसरा, चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या त्रिमुखी चेतेच्या कडेने मेंदूच्या देठाकडे. तिसरा, नाकातील रक्तवाहिन्यांतून रक्तात. तिसऱ्या मार्गात यकृताचा पहिला फेरा टळतो, पण मेंदूच्या पहाऱ्याला तोंड द्यावेच लागते.

तिसऱ्या मार्गाचे उदाहरण आपल्या आजोबा-पणजोबांच्या डबीत होते : तपकीर. तंबाखूतील निकोटिन हेही वनस्पतिजन्य द्रव्य. ते नाकातून रक्तात आणि रक्तातून पहारा ओलांडून मेंदूत जाते, म्हणूनच चिमटीभर तपकिरीची तरतरी येते आणि सवयही जडते. याच गुणाचा उलटा उपयोग करून, धूम्रपान सोडवण्यासाठी निकोटिनचा नाकात मारायचा फवारा १९९६ साली अमेरिकेत मान्य झाला.

४. मग अडते कोठे?

उंदराच्या नाकाचा सुमारे निम्मा आतील भाग वास घेण्यासाठी असतो, तर माणसात हा भाग एक-दशांशाहूनही कमी. म्हणून उंदरात जे घडते ते माणसात तसेच घडेल असे धरता येत नाही. शिवाय नाकातील सूक्ष्म केसांसारखे तंतू शेंबडाचा थर सतत घशाकडे सरकवतात. औषध टिकते ते साधारण १५ ते २० मिनिटे. आणि एका नाकपुडीत मावते किती? फार तर ०.१ ते ०.२ मिलिलिटर, म्हणजे दोन-चार थेंब.

यावर उपाय शोधले जात आहेत. औषध अतिसूक्ष्म तेलकट थेंबांत भरणे, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा कायटोसान हा चिकट पदार्थ वापरणे, नाकातील उबेने घट्ट होणारे द्रव बनवणे, असे ते उपाय आहेत. उंदरांवरील अनेक प्रयोगांत या रीतीने कर्क्युमिन मेंदूत अधिक पोहोचले. पण स्मृतिभ्रंशासाठी नाकावाटे द्यायचे कर्क्युमिनचे मान्यताप्राप्त औषध आजही नाही. इन्सुलिन वनस्पतिजन्य नाही, तरी त्याचे उदाहरण बोधप्रद आहे. लहान चाचण्यांनी आशा दाखवली होती, परंतु स्मृती कमी होत चाललेल्या रुग्णांना १२ महिने नाकातून इन्सुलिन देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अपेक्षित लाभ दिसला नाही.

कोणी म्हणेल, आपल्या आयुर्वेदात नस्य आहेच. खरे आहे. चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांच्या ग्रंथांत नस्याचे वर्णन आहे, आणि नाक हे मस्तकाचे द्वार आहे हा विचारही वाग्भटाने मांडला आहे. या निरीक्षणाचा आपल्याला अभिमान असावा. पण दार ओळखणे वेगळे आणि त्या दारातून कोणते द्रव्य, किती, कोठवर गेले हे मोजणे वेगळे. अभिमान आपल्याला प्रश्न विचारायला शिकवतो. उत्तर मोजमापातूनच मिळते.

५. पालकांसाठी : हे दार औषध आणि अपाय यांत फरक करत नाही

१९३७ साली कॅनडातील टोरांटो शहरात पोलिओ टाळण्यासाठी सुमारे ५००० मुलांच्या नाकात जस्ताच्या क्षाराचा फवारा मारला गेला. पोलिओ टळला नाही. काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र गेली. हेतू चांगला असला तरी नाकात काहीही घालणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

- तान्ह्या बाळाच्या नाकात तेल किंवा तूप घालू नये. ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरून तेलकट न्युमोनिया होऊ शकतो. घरातील वडीलधाऱ्यांना हे आदराने, पण स्पष्टपणे सांगावे. बाळाचे नाक चोंदल्यास बालरोगतज्ज्ञांना विचारून मिठाच्या पाण्याचे तयार थेंब वापरावे.
- कापूर हेही झाडापासून मिळणारे द्रव्य आहे आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतो. लहान मुलांच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. बाळाच्या नाकाला कापूर किंवा कापूरयुक्त मलम लावू नये.
- कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो. असे पाणी नाकात शिरल्यास तो याच घ्राणचेतेच्या वाटेने मेंदूत जातो. २०२४ साली केरळात काही मुले या आजाराने दगावली. डबक्यात, तलावात उड्या मारू नयेत. हा आजार फार क्वचित होतो, पण झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो.
- जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून, निववूनच वापरावे. नळाचे पाणी पिण्यास योग्य असले तरी ते थेट नाकात घालू नये.

घरी करून पाहा

डोळे मिटा, नाक चिमटीत धरा आणि मित्राने दिलेली बडीशेप किंवा जिरे चावा. दोन्हींतला फरक कळतो का? आता नाक सोडा. चावताना सुटलेला वास घशाच्या मागून वर चढतो आणि क्षणात ओळख पटते.

विचार करा, वहीत लिहा

१. एरलिख यांचा प्रयोग अचूक असूनही त्यांचा निष्कर्ष अपुरा का ठरला?
२. उंदरांवर यशस्वी झालेले नाकातील औषध माणसात निष्फळ ठरण्याची दोन कारणे सांगा.
३. तपकिरीतील निकोटिन आणि हळदीतील कर्क्युमिन यांच्या प्रवासात काय फरक आहे?

उत्तरे विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावीत. चांगली उत्तरे फलकावर लावली जातील. विश्वस्त मंडळास नम्र विनंती की, प्रयोगशाळेसाठी नाक व मेंदू यांचा उभा छेद दाखवणारी एक प्रतिकृती घ्यावी. चाळणीचे ते हाड मुलांनी बोट लावून पाहिले, तर हा पाठ त्यांना वेगळा पाठ करावा लागणार नाही.

– प्राचार्य