देवगिरीचा डोंगर : एक अभ्यास

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघाले की सुमारे १५ किलोमीटरवर शंकूच्या आकाराचा एक डोंगर एकदम नजरेत भरतो. हाच देवगिरी ऊर्फ दौलताबाद. त्याची उंची पायथ्यापासून सुमारे २०० मीटर. सह्याद्रीच्या शिखरांपुढे ती काहीच नव्हे. परंतु शेजारच्या रांगेपासून हा डोंगर सुटा उभा असल्याने दुरूनही ओळखू येतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. त्याच काळ्या पाषाणाचा हा डोंगर आहे. वेरूळची लेणीही याच पाषाणात कोरली आहेत. तेथे देव घडविण्यासाठी दगड काढला, येथे शत्रूला अडविण्यासाठी. डोंगराचा खालचा भाग सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत भिंतीसारखा उभा तासला आहे व त्याच्या पायाशी खडकातच खंदक खोदला आहे. वर जाण्याची वाट ‘अंधारी’ नावाच्या भुयारातून जाते.

पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास येथे यादवांची राजधानी वसविली. असा अभेद्य गड पडला कसा? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवरायाचे मोठे सैन्य बाहेर होते. घाईने गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत सांगतात. १६३३ च्या मोगली वेढ्यातही आत अन्नाची टंचाई पडलीच. कडा कितीही उभा असला तरी गडाचे पोट पायथ्याच्या शेतीवरच चालते, हे यावरून दिसते.

१३२७ मध्ये महंमद तुघलकाने येथे राजधानी आणली, ती पुढे दिल्लीस परत गेली. सोळाव्या शतकात याच गडावर जनार्दनस्वामींपाशी एकनाथांचे शिक्षण झाले.

आमच्या घरी दगडफोडीचे काम चालते. कॉलेजात येणारा मी पहिलाच. कड्याची माहिती सांगितली तेव्हा वडिलांनी राजाचे नाव विचारले नाही. “काळ्या दगडावर छिन्नी लगेच बोथट होते. भट्टीत तापवून तिचे टोक पुन्हा काढणारे लोहार किती होते?” असे त्यांनी विचारले. याचे उत्तर मला पाठ्यपुस्तकात मिळाले नाही. गडाच्या भिंतींवर स्वतःची नावे कोरणाऱ्या मित्रांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ज्यांनी हा डोंगर तासला त्यांचे नाव मला तेथे कोठेही आढळले नाही.