हात बसायला किती दिवस लागतात?

(बी. ए. भाग २, मानसशास्त्र)

गोल्फ हा खेळ आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांनी चित्रातच पाहिला असेल. मीही त्यांतलीच एक. परंतु कौशल्य कसे वाढते याचा अभ्यास करणाऱ्याला हा खेळ फार सोयीचा आहे, कारण त्यात प्रत्येक खेळाडूच्या कौशल्याला एक आकडा चिकटवलेला असतो. अठरा खळग्यांचे मैदान निष्णात खेळाडूने साधारणपणे ७२ फटक्यांत पुरे करावे अशी अपेक्षा असते. एखाद्याला नेहमी ९० च्या आसपास फटके लागत असतील तर त्याला १८ फटक्यांची सूट मिळते, आणि या सुटीला हँडिकॅप म्हणतात. ज्याला सुटीची गरजच उरत नाही तो शून्यावर आला, म्हणजे ‘स्क्रॅच’ झाला. पोटापाण्याचा दुसरा उद्योग सांभाळून हौसेने खेळणाऱ्या माणसाला या शून्यापर्यंत यायला किती वर्षे लागतात, असा प्रश्न आमच्या प्राध्यापकांनी अध्ययनाचे प्रकरण शिकवताना वर्गात टाकला होता. कोणी पाच वर्षे म्हणाले, कोणी दहा.

खरे उत्तर असे की बहुतेक लोक तेथे कधीच पोहोचत नाहीत. अमेरिकेत ज्यांच्या हँडिकॅपची नोंद आहे अशा पुरुष खेळाडूंची सरासरी १४ च्या आसपास असते, आणि शून्यावर किंवा त्याखाली आलेले शंभरांत दोघांच्या आसपास भरतात. यातले कित्येक जण वीस-वीस वर्षे खेळत आलेले असतात. म्हणजे नुसता काळ गेल्याने माणूस शिकत नाही.

डॅन मॅक्लॉफ्लिन या अमेरिकन छायाचित्रकाराने या प्रश्नाचा छडा स्वतःवरच प्रयोग करून लावायचे ठरवले. त्याने २०१० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, नोकरी सोडली. तोपर्यंत त्याने अठरा खळग्यांचा एकही पूर्ण डाव खेळलेला नव्हता. दहा हजार तास शिस्तशीर सराव करायचा आणि कोठवर जाता येते ते पाहायचे, असा त्याचा संकल्प होता. सुरुवातीचे कित्येक महिने तो फक्त खळग्याजवळचे छोटे फटके मारत राहिला. सुमारे सहा हजार तासांनंतर पाठीच्या दुखण्याने त्याला २०१५ मध्ये थांबावे लागले. तोवर त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला होता. पाच वर्षे दुसरे काहीही न करता शून्य गाठता आले नाही, असे कोणी म्हणेल. पण ३० व्या वर्षी आरंभ करून इतके जवळ येणे मला तरी मोठेच वाटते.

आता हाच प्रश्न मी माझ्या गावात आणते. कुंभारी हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरांची वसाहत उभी केली, कॉ. गोदूताई परुळेकर यांचे नाव तिला दिले आहे, आणि घरांच्या किल्ल्या २००६ साली मिळाल्या. पुढे शेजारीच रे-नगर झाले. तेथली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. आमच्या गल्लीत दुपारी कोणत्याही दारातून डोकावले तर मांडीवर सूप घेतलेली बाई दिसते. या धंद्यातला ‘शून्य हँडिकॅप’ म्हणजे दिवसाला हजार विड्या. मजुरीचा दरच हजारावर ठरतो. सोयरीक जुळवताना देखील “मुलगी हजार वळते” हे वाक्य पूर्वी कानावर येई, असे आजी सांगते.

हजाराचा हात बसायला किती दिवस लागतात? हे समजून घेण्यासाठी विडी कशी होते ते थोडे सांगावे लागेल, कारण कारखान्याबाहेरच्या माणसाला ते काम फार सोपे वाटते. पान आदल्या दिवशी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायचे. शिरा कोठे येतात ते पाहून साचा फिरवायचा, म्हणजे एका पानातून जास्त तुकडे निघतात. मग तुकडा बोटांवर घ्यायचा, चिमटीने तंबाखू पसरायची, वळायची, जाड बाजूचे तोंड नखाने मुडपायचे आणि बारीक बाजूला दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चाळीस कट्टे झाले की हजार. माझी आई एक कट्टा नुसता वळायला आठ मिनिटे घेते. म्हणजे एका विडीला वीस सेकंद देखील पुरे लागत नाहीत. पाने कापणे आणि कट्टे बांधणे धरले की मात्र पूर्ण दिवस जातो.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्याच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिल्या अवस्थेत माणूस विचार करून करतो. दुसऱ्या अवस्थेत हालचाली एकमेकींना जोडल्या जातात आणि चुका गळू लागतात. तिसरीत काम आपोआप होते, मन दुसरीकडे मोकळे राहते. मराठीत या तिसऱ्या अवस्थेला ‘हात बसला’ असे म्हणतात, आणि मला हा शब्दप्रयोग पुस्तकातल्या ‘स्वयंचलित अवस्थे’पेक्षा अधिक नेमका वाटतो. पहिल्या अवस्थेतली मुलगी तंबाखू किती झाली हे डोळ्यांनी पाहते. हात बसलेली बाई चिमटीच्या वजनानेच ओळखते. ती त्याच वेळी शेजारणीशी बोलते, मुलाचे पाढे ऐकते, आणि पाढा चुकला तर तेही तिच्या ध्यानात येते.

पण या अवस्था जिन्याच्या पायऱ्यांसारख्या सरळ येत नाहीत. ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ व १८९९ साली तारमास्तरांच्या शिकण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. संदेश ऐकून उतरवण्याचा वेग वाढत वाढत एका जागी येऊन थांबतो, कित्येक आठवडे हलत नाही, आणि मग पुन्हा चढू लागतो असे त्यांना आढळले. या सपाटीला त्यांनी पठार म्हटले. त्यांचे स्पष्टीकरण असे की शिकणारा सुटी अक्षरे ऐकायचे सोडून अख्खे शब्द ऐकू लागेपर्यंत ही सपाटी राहते. नंतरच्या सर्वच अभ्यासांत असे पठार दिसले नाही हे खरे. पण आमच्या गल्लीत ते पाहायचे असेल तर पाचशे विड्यांवर अडकलेल्या बायका पुष्कळ आहेत. काही जणी वर्षानुवर्षे तेथेच असतात.

विडीशी अगदी जवळचा अभ्यास मला क्रॉसमन यांचा सापडला, तो १९५९ सालचा. त्यांनी यंत्रावर सिगार वळणाऱ्या स्त्रियांचा वेग तपासला. नवख्या बाईपासून कित्येक वर्षे काम केलेल्या बाईपर्यंत आकडे मांडले तेव्हा दिसले की सुमारे दोन वर्षे, म्हणजे जवळजवळ तीस लाख सिगार होईपर्यंत, वेग वाढतच राहतो. मात्र प्रत्येक पुढची वाढ आधीपेक्षा लहान. त्यानंतर रेषा सपाट होते. पण ती सपाटी हाताची नव्हती, यंत्रच त्याहून भरभर फिरत नव्हते. आमच्याकडे यंत्र नाही. तरी हाताला अडवणाऱ्या गोष्टी आहेतच: पान बारीक किंवा जाळीदार आले, तंबाखू कमी पडली, दिवे गेले.

आता ‘किती दिवस’ याविषयी. घरातलीच दोन उदाहरणे घेते. आई दहाव्या वर्षापासून शाळेतून आल्यावर रोज तीनेक तास बसत असे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, दिवसभर बसू लागली, आणि त्याच वर्षी हजाराला पोहोचली. काकू विड्या नसलेल्या गावातून लग्न होऊन आली. विसाव्या वर्षी पहिल्यांदा सूप मांडीवर घेतले आणि रोज आठ तास बसून दीड वर्षात सातशेपर्यंत आली. हजार तिला पुढेही जमले नाहीत. वर्षाचे तीनशे दिवस धरून ढोबळ हिशेब केला तर आईची चार वर्षे आणि काकूचे दीड वर्ष हे दोन्ही ३,६०० तासच भरतात! पंचांगाने पाहिले तर काकू झटपट शिकली. तासांनी पाहिले तर आई पुढे.

दोन बायकांवरून नियम काढता येत नाही, आणि वयाचाही फरक आहे. लहान मुलींना या कामाला बसवावे असे तर मला मुळीच सुचवायचे नाही. आईची शाळा त्यातच सुटली. पण तास आणि दिवस यांतला हा फरक बॅडली आणि लाँगमन यांच्या प्रयोगात स्वच्छ दिसतो. त्यांनी १९७८ साली ब्रिटिश टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवले. काहींना रोज एक तास, काहींना दोन, काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका. रोज एकच तास शिकणाऱ्यांना सर्वांत कमी तासांत कळफलक आला. गंमत अशी की हेच लोक सर्वांत असमाधानी होते, कारण दिवस जास्त लागत होते. मी सध्या मराठी टंकलेखनाच्या ३० शब्दांच्या परीक्षेची तयारी करते आहे. परीक्षा जवळ आली की सगळ्या मैत्रिणी चार-चार तास बसतात. मी तासभरच बसते आणि मनातून घाबरलेली असते.

दहा हजार तासांची गोष्ट हल्ली सर्वत्र ऐकू येते. ती निघाली एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या अभ्यासातून. बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या उत्तम व्हायोलिनवादकांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरीने दहा हजार तासांच्या वर भरला होता. ती सरासरी होती. दहा हजार तास भरले की कोणीही उस्ताद होतो असे त्यांनी म्हटलेले नाही. त्यांचा भर होता तो चूक तत्काळ दाखवणाऱ्या गुरूवर आणि जे जमत नाही तेवढेच पुन्हा पुन्हा करण्यावर. रविवारी मैदानावर जाऊन जमतात तेच फटके मारणारा हौशी खेळाडू म्हणून वर्षानुवर्षे १४ वर राहतो. आईच्या शेजारी आजी बसलेली असे; विडी सैल झाली की आजी ती लगेच उकलून हातात परत देई. काकूला असे कोणी नव्हते. तिला आपली चूक संध्याकाळी, माल तपासून छाट बाजूला पडल्यावर कळे. तोपर्यंत पाचशे विड्या त्याच चुकीने वळून झालेल्या असत.

येथे गोल्फ आणि विडी यांतला मोठा भेद येतो, आणि हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळेच. गोल्फमध्ये शिकण्याच्या काळाला मान्यता आहे. नवख्याला ५४ पर्यंत सूट मिळू शकते आणि तो निष्णाताच्या बरोबरीने सामन्यात उतरतो. हजारी दरात ही सूट नाही. चारशे वळणारीला चारशेचेच पैसे मिळतात, वर तिच्या नवशिक्या हाताने फाडलेली पाने भरून काढायला बाजारातून पान आणावे लागते. शिकण्याचा सगळा खर्च शिकणारीच्या घरावर. आईने चार वर्षे जे शिक्षण घेतले ते कोणत्याही वहीत नाही, कारण तिच्या विड्या आजीच्या कट्ट्यांत मोजल्या जात होत्या.

गोल्फ हा धनिकांचा खेळ, तेथल्या सवलतीचे कौतुक काय, असे कोणी म्हणेल. पण त्या मैदानावर दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारी मुलेही असतात, त्यांना कॅडी म्हणतात. दिल्लीचा अली शेर हा त्यांपैकीच एक. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला आणि १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. बंगळूरच्या चिन्नस्वामी मुनियप्पाने २००९ साली तोच मार्ग चोखाळला. अशा मुलांनी किती तास सराव केला हे कोणी मोजले नसेल. चांगला फटका मात्र त्यांनी रोज दहा हातांवरून पाहिला होता. आमच्या गल्लीतल्या मुलींचेही तसेच असते, सूप हातात यायच्या आधी दहा वर्षे त्या ते पाहत असतात.

वय वाढले की हात उतरतो, हेही गोल्फच्या आकड्यात धरलेले आहे. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत अलीकडच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, त्यांतल्या उत्तम आठांची सरासरी काढायची आणि त्यावरून सूट ठरवायची. खेळ मंदावला की सूट हळूहळू वाढते. मी गेल्या महिन्यात आईच्या वीस दिवसांच्या विड्या लिहून ठेवल्या. तिची पन्नाशी झाली आहे, मान दुखते, संध्याकाळी दोरा नीट दिसत नाही. उत्तम आठ दिवसांची सरासरी ७१० आली. हजारातून वजा केले तर आईचा हँडिकॅप २९०. तिला हे समजावून सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग हे २९० कोण देणार?”

ज्या मैत्रिणींच्या घरी हे काम चालते त्यांनी असेच वीस दिवसांचे आकडे लिहून मला द्यावेत. सोबत बाईचे वय, काम शिकायला लागली ते वर्ष, आणि शिकताना शेजारी कोण बसत होते एवढे लिहावे. नावांची जरुरी नाही.