थुनेर : हिमालयातील वृक्ष आणि कर्करोगावरील औषध

हिमालयाच्या थंड, दाट वनांत जम्मू-काश्मीरपासून अरुणाचल प्रदेशापर्यंत थुनेर हा सदाहरित वृक्ष आढळतो. वनस्पतिशास्त्रात तो 'टॅक्सस' या प्रजातीत मोडतो. इंग्रजीत त्याला 'यू' म्हणतात. डोंगराळ भागातील लोक त्याच्या सालीचा चहा करतात आणि पानांचा उपयोग खोकला व दमा यांवर करीत आले आहेत. कर्करोगावरील उपचारात मात्र या वृक्षकुळाला स्थान मिळाले ते आधुनिक संशोधनामुळे.

औषधाचा शोध

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने वनस्पतींच्या अर्कांची चाचणी घेण्याची मोठी मोहीम हाती घेतली होती. तीत 1962 मध्ये पॅसिफिक यू वृक्षाची साल गोळा करण्यात आली. तिच्यातील 'टॅक्सॉल' या द्रव्याची रचना मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी सहकाऱ्यांसह 1971 मध्ये प्रसिद्ध केली. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा व शिक्षण मुंबई विद्यापीठातील, ही आपल्या दृष्टीने उल्लेखनीय बाब होय.

हे द्रव्य कसे कार्य करते, हे सुझन हॉर्विट्झ यांनी 1979 मध्ये दाखवून दिले. पेशीविभाजनाच्या वेळी पेशीतील सूक्ष्मनलिका जुळतात व पुन्हा सुट्या होतात. टॅक्सॉल त्यांना सुटे होऊ देत नाही. परिणामी विभाजन थांबते व पेशी मरते. अमेरिकेत 1992 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. 'पॅक्लिटॅक्सेल' या नावाने ते आज स्तन व फुप्फुसाच्या कर्करोगातही वापरले जाते. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतही त्याचा समावेश आहे.

उपचार आणि प्रतिबंध यांतील भेद

पॅक्लिटॅक्सेल हे उपचाराचे औषध आहे, प्रतिबंधाचे नव्हे. ते शुद्ध स्वरूपात, मोजक्या मात्रेत, शिरेवाटे व वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाते. थुनेरचा काढा घेऊन कर्करोग टळतो वा बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट या वृक्षाच्या पानांत व बियांत हृदयास घातक ठरणारी 'टॅक्सीन' ही विषारी द्रव्ये असतात. कर्करोगाच्या प्रतिबंधाचे सिद्ध मार्ग वेगळे आहेत : तंबाखूपासून दूर राहणे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस आणि नियमित तपासणी.

वृक्षावरील संकट

सालीत या द्रव्याचे प्रमाण जेमतेम 0.01 टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एक किलो औषधासाठी सुमारे 10 टन साल लागणार. साल काढली की वृक्ष मरतो आणि थुनेरची वाढ तर अत्यंत मंद असते. मागणी वाढताच हिमालयातील वृक्षांचीही बेसुमार तोड झाली. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइटस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हिमालयीन थुनेरचा समावेश 1995 मध्ये झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तो 'संकटग्रस्त' ठरविला आहे.

यावरील मार्गही विज्ञानानेच दाखविला. फ्रान्समध्ये प्येर पोतिए यांच्या गटाने युरोपीय यूच्या पानांतून एक पूर्वद्रव्य मिळविले. त्यापासून अर्धसंश्लेषणाने औषध तयार करता येते. पाने पुन्हा फुटतात, त्यामुळे झाड वाचते. पुढे वनस्पतिपेशींच्या संवर्धनातूनही उत्पादन होऊ लागले.

धोरणात्मक बोध

सह्याद्रीतील 'नरक्या' या झाडाची कथा अशीच आहे. त्यातील 'कॅम्प्टोथेसिन' या द्रव्यापासून कर्करोगावरील औषधे बनतात आणि त्यासाठी त्याचीही तोड झाली. जैवविविधता अधिनियम, 2002 मध्ये संवर्धन, शाश्वत वापर व लाभाचे न्याय्य वाटप ही तीन उद्दिष्टे आहेत. थुनेरच्या संदर्भात त्यांचा अर्थ स्पष्ट होतो : सालीऐवजी पानांचा वापर, रोपवाटिकांतून लागवड आणि वनांचे रक्षण करणाऱ्या स्थानिक समूहांना उत्पन्नात वाटा. औषधी वृक्षाची उपयुक्तता प्रयोगशाळेत सिद्ध होत असली, तरी ती पुढील पिढ्यांसाठी टिकणे वनातील व्यवस्थापनावरच अवलंबून आहे.