फौजदारी खटल्याची नोंद कशी शोधावी?

एखाद्या गावातील जुन्या खटल्याचा शोध घेताना, ते गाव त्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात मोडत होते, हे प्रथम पाहावे लागते. पेरुंगुडीचेच उदाहरण घ्या. १९९७ साली चेंगलपट्टू जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर हे गाव कांचीपुरम जिल्ह्यात आले. २०११ मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेत व २०१८ मध्ये चेन्नई जिल्ह्यात समाविष्ट झाले. तेव्हा जुनी कागदपत्रे आजच्या जिल्ह्यातच असतील, असे गृहीत धरू नये.

पोलीस ठाणे, प्रथम खबरीचा क्रमांक व वर्ष हाती असल्यास ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. तेथे नोंद नसल्यास न्यायालयाच्या अभिलेख कक्षाकडे वळावे आणि कारण नमूद करून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. मात्र निकालपत्र वाचल्यावाचून कोणासही अपराधी ठरवू नये. खबर म्हणजे केवळ आरोप होय.