स्टोनहेंजऐवजी कुठे?

प्रश्न : मुलीकडे रेडिंगला आलो आहोत. गाडी नाही. स्टोनहेंजची गर्दी टाळून एका दिवसात एखादे खेडे बघता येईल का?

उत्तर : एव्हबरीला जा. स्विंडनपर्यंत ट्रेन, पुढे बस. इथले शिलावर्तुळ ब्रिटनमधले सर्वांत मोठे. गावाचा काही भाग, पबसकट, त्याच्या आतच वसलेला आहे. दगडांना खुशाल हात लावा, वर्तुळाला तिकीटही नाही. मेंढ्या चरत असतात, तेव्हा पायाखाली बघून चाला. जवळची सिल्बरी टेकडी, सुमारे 30 मीटर उंच, अख्खी माणसांनी रचलेली! चढायला मात्र बंदी आहे. गुडघे साथ देत असतील तर वेस्ट केनेटच्या सुमारे 5,500 वर्षांपूर्वीच्या दफनगृहात शिरून या. मला ते वर्तुळाहूनही आवडते. परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.